पाणजाईची वाट

वारूळवाडी, १८ ऑक्टोबर २०२४

भरत,

‘अनेक आशीर्वाद’ लिहिणार होते, हात वळला नाही. म्हणून नुसतं नाव.

फोन करत नाही, कारण फोनवर तू बोलायला लागलास की मी विरघळते. लहानपणापासून तुझं तेच. ‘आक्का, ऐक तर’ म्हणतोस आणि आक्का ऐकते. कागदावर तुला मधे तोंड घालता येणार नाही. आता गपगुमान वाच.

गेल्या रविवारी संस्कृतीच्या मोबाईलवर तुझा निरोप आला. तुझ्याच आवाजात. ‘आक्का, यंदा मंगळवारी येऊ नगंस. तळ्याच्या वाटंवर बिबट्या दिसलाय, पिल्लं हायेत संगं. वाडीतलं कुनीच वर जानार न्हाई. पाणजाईला घरूनच हात जोड.’

मी काय केलं माहितीय? घाबरले. बिबट्याचं मला काय नवल, इथं उसात रोज असतो, आमची गल्लीतली कुत्रीसुद्धा दिवेलागणीला घरात येऊन बसतात. घाबरले ती तुझ्यासाठी. तू हट्टी. बहीण नाही आली तरी वाट कापायला हवी म्हणून एकटा कोयता घेऊन निघशील, असं वाटलं. म्हणून मीच तुला उलटा निरोप धाडला, की भाऊ, तू पण जाऊ नकोस, पोराबाळांचा बाप आहेस. मंगळवारी उपास धरला आणि दिवसभर खानावळीत दुसऱ्यांसाठी पोळ्या लाटल्या. डबे न्यायला येणाऱ्या मुलांना आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं, मंगळवारी मी नाही, माहेरी मान आहे माझा. ती विचारायला लागली, ‘काकू, गेला नाहीत?’ त्यांनाही तुझा बिबट्याच सांगितला.

दसऱ्यानंतरचा पहिला मंगळवार. लग्न होऊन डोंगरातून खाली आले तेव्हापासून एकही चुकला नव्हता. संस्कृती पोटात होती तेव्हाही आले. करोनात देवळं बंद होती तेव्हा तू मला आडवाटेनं मोटारसायकलवर नेलंस, आठवतंय का? माळशेजच्या अलीकडे पोलीस दिसले तर दोघं नाचणीच्या वावरात जाऊन बसलो होतो.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. विसरला असशील तर. पावसाळ्यात कारवी माजते आणि तळ्याची वाट बुजून जाते. भावानं कोयत्यानं ती कापत पुढं जायचं. बहिणीनं नव्या भाताच्या लोंब्यांची दुरडी डोक्यावर घेऊन, अनवाणी, मागून चालायचं. भावानं कापल्याशिवाय बहिणीनं पाऊल टाकायचं नाही, आणि बहिणीनं तळ्यात लोंब्या सोडल्याशिवाय घरात नवा भात शिजायचा नाही. पाणजाई स्वतः माहेरी आली तेव्हा तिच्यासाठी कुणी वाट कापली नव्हती, म्हणून ती वर तळ्यापाशीच बसून राहिली, असं आई सांगायची.

काल संस्कृती कॉलेजातून आली ती मोबाईल पुढं धरूनच. ‘आई, हा मामाच ना?’

मामाच. डोक्याला भगवा फेटा. तुझ्या लग्नातसुद्धा तुला फेटा नको होता, कान दुखतात म्हणत होतास. हातात कोयता, आणि कापतोयस काय, तर हवा. वाट आधीच साफ. मागून एक बाई, नवी कोरी नऊवारी नेसलेली, खाली पांढरे बूट, आणि डोक्यावर आईची दुरडी. त्यांच्यामागं छत्तीसजण मोबाईल वर करून. तळ्यापाशी गेल्यावर तू कॅमेऱ्याकडे बघून हसून म्हणतोस, ‘ह्या पुन्याच्या ताई. आज ह्याच आमची बहीन.’

मी तो व्हिडिओ कितीदा बघितला ते सांगणार नाही. बिबट्या कुठं दिसला नाही.

उज्ज्वला


वारूळवाडी, २२ ऑक्टोबर २०२४

भरत,

पत्राला उत्तर पत्रानं द्यायचं असतं. तू परत आवाजच पाठवलास. बरं, ऐकला.

‘आक्का, तू उगा मनाला लावून घेतीस. समर्थ सरांनी तळ्याकाठी तंबू टाकल्यात, शहरातली मानसं येत्यात, वाडीतल्या दहा घरांना काम मिळालंय. तुला कळवणारच व्हतो. आन् मान म्हंजी काय गं, वर्सातनं एक दिस. तुलाच चालायला तरास हुतो म्हनून म्हनलं, आक्काला कशाला.’

अरे वा रे वा. म्हणजे माझ्या गुडघ्याच्या काळजीनं तू बिबट्या सोडलास होय? गुडघ्यावरून आठवलं. मागच्या वर्षी कड्याच्या खालच्या पायरीवर मी थांबले तर तू म्हणालास, ‘आक्का, दम खा, पाणजाई कुटं पळून जात न्हाई.’ खाली बसलास, माझ्या टाचेतला काटा दातानं काढलास, थुंकलास आणि परत कापायला लागलास. मी वर येताना पूर्ण वाटेत तुझी पाठ बघत चालते, तुला ते कधी कळलं नसेल. घामानं भिजलेला सदरा, दोन्ही बाजूला पडणारी कारवी, आणि मधेमधे तुझं ‘आलीस का गं?’ माझं माहेर म्हणजे तेवढंच आहे, भरत. घर तर तुझ्या अंजनाचं आहे, आणि ते तिचंच असायला हवं.

कामाचं म्हणशील तर माझं काही म्हणणं नाही. तंबू टाक, भाकऱ्या विक, लोकांना तळं दाखव. देवाचं तळं दिसतं म्हणून ते आटत नाही. माझं दुखणं वेगळं आहे आणि तू ते बरोबर ओळखून टाळतोस.

दादा गेले आणि त्यांची जमीन आपल्या दोघांच्या नावावर लागली, त्या वर्षाची गोष्ट. जुन्नरला हक्कसोडावर सही करायला तू मला नेलंस. तुझे दाजी आदल्या रात्री मला म्हणाले होते, ‘उज्ज्वला, हिस्सा घेऊ नकोस बाई, पण निदान लगेच सोडू पण नकोस. थोडं थांब.’ मी त्यांना काय काय बोलले! माझ्या भावावर संशय घेता, म्हणाले. पंधरवडाभर त्यांच्याशी नीट बोलले नाही. सही केली, बाहेर आलो, तू मला रसवंतीत रस पाजलास आणि डोळ्यात पाणी आणून म्हणालास, ‘आक्का, आजपास्नं जमीन माझी, मान तुझा. ह्यो मान तुज्यापास्नं कुनी काढून घ्यायचा न्हाई.’ तू म्हणालास, मी नाही. मी काही मागितलंच नव्हतं.

तुझ्या दाजींनीही तो व्हिडिओ बघितला. सकाळी टेम्पो बाजारात लावून आले, माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि परत गेले. एखादा शब्द टोचून बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मला वाटलं होतं ते परक्यांचं काम असतं.

तरीपण ऐक. उशीर झालाय, पण पाणजाई समजून घेईल. येत्या मंगळवारी, धनतेरशीला, मला न्यायला ये. वाट कापलेली असू दे, चालेल. तू नुसता पुढं चाल. आणि पारावर चार माणसांत सांग, की मान उज्ज्वलाचा आहे. एवढं केलंस की मी हे सगळं विसरते. खरंच विसरते, तुला माहितीय मी कशी आहे ती.

सकाळी आठपासून आवरून बसते.

आक्का


वारूळवाडी, ३० ऑक्टोबर २०२४

भरत,

आला नाहीस.

दहा वाजेपर्यंत बसले. मग संस्कृतीच म्हणाली, ‘आई, चल, आपण जाऊ. रस्ता काय मामाच्या खिशात आहे का?’ पोरगी माझ्यावर गेलीय. जुन्नरला आलो आणि घाटघरच्या एसटीत बसलो. कंडक्टरनं ओळखलं. म्हणाला, ‘ताई, यंदा उशिरा?’ मी खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी अंजना एकटी होती. तू पुण्याला गेलास म्हणाली. चुलीवर भात शिजत होता, वास दारापर्यंत आला. नव्या भाताचा वास मला सांगायला नको. तिनं पातेल्यावर झाकण सरकवलं, जसं काही मला दिसू नये. बिचारी. ‘वन्सं, जेवून घ्या,’ म्हणाली. म्हटलं, उपास आहे. उपास नव्हता. पोटात आग पडली होती, पण त्या भाताचा घास मला गिळवला नसता.

मग म्हटलं, लोंब्या तरी घेऊन जाऊ. खालच्या खाचरात अजून कापणी राहिलीय तुझी, बांधापाशी गेले. भात काय सुंदर आलाय यंदा. वाकले, हात पुढं केला आणि तसाच थांबला. मनात आलं, हे वावर माझं नाही, मी सही केलीय. भाऊ सोबत असता तर ते मनात आलंही नसतं. आजवर कधी आलं नव्हतं. मागून अंजना ओरडत होती, ‘घ्या की वो वन्सं, तुमचंच हाय,’ पण ती उंबऱ्याच्या आतूनच ओरडत होती. मी हात मागं घेतला.

रिकाम्या हातानं वर निघालो, मी आणि संस्कृती.

ओढा ओलांडला, हिरड्याची झाडं मागं टाकली आणि कारवीचा चढ लागला. तिथं मी सवयीनं थांबले. तुझी वाट बघायला थांबते तशी. पुढं बघते तर वाट कसली, बैलगाडी जाईल एवढा रस्ता. झाडांना लाल फिती, खडकांवर पांढरे बाण. एका उंबराला फळी ठोकलीय, ‘बहिणींनी येथे चपला काढाव्यात, ऐच्छिक’. संस्कृती मोठ्यानं हसली. मलाही हसू आलं, आणि मग हसूच आवरेना, आणि मग त्याचं काय झालं ते तुला सांगायची गरज नाही. पोरीनं मला तिथंच फळीखाली बसवलं, पाणी पाजलं.

चपला मी काढल्या. ऐच्छिक असल्या तरी.

एक खरं सांगू? चालायला फार सोपं गेलं. काटा नाही, फांदी नाही, कड्यापाशी तर दोरसुद्धा बांधलाय. इतकी चांगली वाट तू माझ्यासाठी कधीच कापली नाहीस. माझ्यासाठी कापायचास ती जेमतेम एका माणसापुरती, दोन्ही बाजूंनी पानं अंगाला लागायची. या रुंद वाटेवर मला कसं चालावं तेच कळेना. मधूनच वाटायचं, कुणी तरी म्हणेल, ‘आलीस का गं?’ शेवटी संस्कृतीनंच पुढं जाऊन विचारलं. तिला कसं कळलं, देव जाणे.

वरच्या सपाट सड्यावर आलो. तळं होतं तसंच आहे, काठोकाठ, वाऱ्यानं हलणारं. पलीकडच्या काठाला निळे-पिवळे तंबू. त्या पुण्याच्या बाईंनी सोडलेल्या लोंब्या काठाच्या गवतात अडकून कुजत होत्या, वर जरीची फीत बांधलेली. फीत सोडवून घेतली, लोंब्या आत ढकलल्या. त्यांचा काय दोष, आणि त्या बाईंचाही काय. त्यांना तू बहीण म्हणालास, त्या हौसेनं झाल्या.

तंबूंच्या मागं चुलीवर गोजरआत्या भाकऱ्या थापत होती. दादांची सख्खी बहीण, ऐंशीला आली, तिलाही तू कामाला लावलंस. मला बघून तिचा हात परातीतच राहिला.

‘आगं, उज्ज्वला? तू कशी काय वर आलीस?’

‘का गं आत्या, यायचं नव्हतं?’

‘तसं न्हवं बाये. पर तूच तर मान सोडलास न्हवं? भरत्यानं सरावनात पारावर समद्यांला सांगितलं. आक्कानं जमिनीसंगं मान बी लिवून दिलाय म्हनं. तिला आता खालच्या लोकांत लाज वाटती, डोईवर दुरडी घ्यायची. डोंगरातल्या मानसांत मिसळाया नगं वाटतं.’

मी आत्याला म्हटलं, ‘पुन्हा सांग.’ तिनं पुन्हा सांगितलं. अगदी तसंच.

‘मला लई वाईट वाटलं गं. म्हनलं, माझ्या भावाची लेक आशी कशी बदलली?’

भरत, बिबट्याची थाप मी पचवली असती. ती बाई, ते बूट, आईची दुरडी, तेही एक वेळ. गरज माणसाला काहीही करायला लावते असं म्हणून सोडून दिलं असतं. पण तू माझ्या तोंडात घातलंस की मला तुमची लाज वाटते. मला! खानावळीत येणाऱ्या प्रत्येकाला जी स्वतःहून सांगते की मी घाटघरकडची, तिला! श्रावणापासून अख्खी वाडी मला शिव्या देत होती आणि मी इथं बसून तुमच्यासाठी दिवाळीच्या करंज्यांचं सारण भाजत होते. तुला मान हवा होता तर मागायचा होतास. मी दिलाही असता रे, मूर्खा. रडले असते आणि दिला असता. तू माझं नाव घाण करून घेतलास.

मी तिथं काय ओरडले ते तंबूतल्या लोकांनीही ऐकलंय, तुला कळेलच. आत्यानं पिठाच्या हातांनी माझं तोंड धरलं आणि म्हणाली, ‘मी सांगते समद्यांला. आजच सांगते.’ सांगेलही. पण आत्यानं सांगून काय होणार? मला ते तुझ्या तोंडून हवंय.

तळ्याला नुसते हात जोडले. दुसरं होतं काय माझ्याजवळ.

भाऊबीजेला येऊ नकोस असं लिहायला बसले होते. तेवढं काही मला लिहवेना. ये. पण एकटा ये. पाटावर बसायच्या आधी माझ्यासमोर कबूल कर, की आक्का, मी खोटं बोललो. मग मी ओवाळते, आणि तुला पोटभर जेवू घालते.

उज्ज्वला


वारूळवाडी, ४ नोव्हेंबर २०२४

श्री. भरत यांस,
स. न. वि. वि.

आज सकाळी आपला फोन आला होता. मी घेतला नाही, संस्कृतीनं घेतला. ‘आईला म्हनावं, माझं काय चुकलं त्ये तरी सांग. भावाला दारातनं कुनी आसं लावून देतं का?’ असं आपण विचारलंत. विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते.

काल भाऊबीज. मी सकाळपासून उपाशी होते. पाट मांडला, रांगोळी काढली, बासुंदी केली. तुम्हाला घट्ट आवडते म्हणून तासभर जास्त आटवली. एकटे या लिहिलं होतं. दुपारी दारात मोठी गाडी थांबली, त्यातून तुम्ही उतरलात आणि मागून ते समर्थ सर. तरी मी म्हटलं, असू दे, पावणा आहे, येऊ दे. तुम्ही साडी आणली होती, नव्या तांदळाची पिशवी आणली होती. खूश होतात. मला वाटलं, मन हलकं करायला आलाय.

पाटावर बसताबसता तुम्ही म्हणालात, ‘आक्का, तुज्यासाटी लई भारी बातमी आनलीय. तुझा मान तुला परत! लोकान्ला नकली बहीन नगं वाटती, सर म्हनत्यात, खरी पायजे. आता फुडल्या सीझनला तूच. आन् एक दिस न्हाई, दर शनवारी. गाडी न्यायला यील.’

माझ्या हातात निरांजनाचं ताट होतं. मी विचारलं, ‘आणि पारावर काय सांगितलंस ते?’ तुम्ही हसून म्हणालात, ‘आगं, ते बोलायचं म्हनून बोलतो मानूस. फुडल्या वर्सी तू दिसलीस की आपसूक मिटंल.’ मी तरी ओवाळायला हात उचलला. हो, उचलला. तुमचं कपाळ समोर होतं, लहानपणी पडला होतात तिथली खूण आहे तिथं, आणि माझा राग त्या खुणेपाशी संपतो. आजवर दर वेळी संपलाय.

एक फेरी झाली. दुसरी चालू होती. तेवढ्यात दारातून ते सर म्हणाले, ‘ताई, एक मिनिट. परत पहिल्यापासून कराल का? उजेड इकडून आहे.’ बघते तर त्यांनी मोबाईल धरला होता. कधीपासून धरला होता, कोण जाणे.

त्यांचं मला काही नाही. ते धंदा करायला आलेत आणि धंदाच करत होते. मी तुमच्याकडे बघितलं. म्हटलं, आता हा म्हणेल, सर, तेवढं राहू द्या, ही माझी आक्का आहे. तुम्ही डोक्यावरचा फेटा नीट केलात आणि उजेडाकडे तोंड करून बसलात.

मी ताट खाली ठेवलं. कुंकू लावलं नाही. संस्कृतीला हाक मारून सांगितलं, ‘पावण्यांना पुढच्या खोलीत बसव, चहा टाक.’ तुम्हाला गंमत वाटली, हसलात. मी म्हटलं, ‘चहा घेऊन जावा, पावणं.’ मग तुम्ही हसायचं थांबलात.

यात मी कुणाला दारातून लावून दिलं ते मला कळलं नाही. आले होते ते पावणे, त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली. तुमच्या भगवंत दाजींनी गाडीपर्यंत सोडलं. साडी आणि तांदूळ उद्याच्या घाटघरच्या एसटीनं परत येतील, अंजनाला उतरवून घ्यायला सांगा.

भावाचं विचाराल तर त्याची मी दिवे लागेपर्यंत वाट बघितली. निरांजन विझू दिलं नाही, दोनदा तूप घातलं. तो आला नाही. मग दाजी म्हणाले, ‘आता जेवून घे, उज्ज्वला,’ आणि त्यांनी वाढलं, आणि मी जेवले.

कळावे,
सौ. उज्ज्वला